मोटारीचा श्वास आणि वायुशोधकाची निवड

पिंपरी-चिंचवडापासून चाकणपर्यंतच्या आमच्या ह्या पट्ट्यात मोटार हा विषय कोणत्याही घरास परका नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ज्वारी-बाजरीच्या शेतांच्या जागी कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. टेल्को आली, आकुर्डीस बजाजांची स्कूटर आली, आणि नव्या शतकात चाकणकडे तर देशोदेशींच्या मोटारी तयार होऊ लागल्या. ज्या घरात एकही मनुष्य यंत्राशी संबंधित नाही, असे घर येथे शोधूनच काढावे लागेल. तथापि एक गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. इतक्या यंत्रज्ञांच्या ह्या वस्तीत कार्बुरेटर जाणणारा मनुष्य मात्र मोडी वाचणाऱ्या मनुष्याइतकाच दुर्मिळ होत चालला आहे. २००० सालाच्या सुमारास आपल्याकडील नव्या मोटारींतून कार्बुरेटर गेला आणि त्याच्या जागी इंजिनात मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. तेव्हापासून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी कार्बुरेटर हाती धरलेलाच नाही. घरात जुनी मोटार असली म्हणजे आजोबांच्या हातच्या मोडी दप्तरासारखी तिची स्थिती होते. जपावीशी सर्वांस वाटते, वाचता कोणासच येत नाही.

ह्या विषयाचे निमित्त असे की, निगडी प्राधिकरणातील एका वाचकभगिनींचे आम्हांस पत्र आले आहे. त्यांच्या घरी १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. त्यांच्या मामंजींनी ती नवी घेतली, आणि घरातील प्रत्येक मुलाची पहिली जेजुरी, पहिली आळंदी त्याच गाडीतून झाली. आता चाकणच्या एका कारखान्यात इंजिनियर असलेल्या त्यांच्या चिरंजिवांनी त्या गाडीच्या कार्बुरेटरवरील जुना गोल डबा काढून तेथे शंकूच्या आकाराचा चकचकीत नवा एअर फिल्टर बसविण्याचे मनात आणले आहे. मामंजींचा त्यास सक्त विरोध आहे. मूळच्या डब्यास हात लावू नये, असे त्यांचे म्हणणे. भरीस भर म्हणून पुण्यातील त्यांचा जुना मिस्त्री सांगतो की, “काहीच बसवू नका, गाडी मोकळी पळेल.” आजोबा आणि नातू ह्यांच्यात आठ दिवस अबोला असून, कोणाचे ऐकावे असा त्या भगिनींचा प्रश्न आहे. हा प्रश्न एका घरापुरता नाही. म्हणून त्याचे उत्तर खाजगी पत्राने न देता ह्या सदरातून देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम गाडीचे कुलवृत्त थोडक्यात सांगू. वालचंद हिराचंद ह्यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईत कुर्ल्यास तिचा कारखाना निघाला. इटलीच्या फियाट कंपनीच्या अकराशेच्या गाड्या तेथे तयार होऊ लागल्या. १९६४ पासून ‘अकराशे डी’ हा नमुना निघू लागला आणि पुढे १९७० नंतरच्या दशकात त्यासच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. ह्याच कंपनीचा एक कारखाना आमच्या चिंचवडासही होता. पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील अखेरच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी निरोप घेतला. तेव्हा ज्या घरी ही गाडी चालू स्थितीत आहे, त्या घरी ती जपणे हे केवळ हौसेचे काम राहिलेले नाही.

आता मूळ मुद्दा. मोटारीच्या इंजिनाचे सारे जीवित श्वासावर आहे, आणि प्राणायाम शिकलेल्या मनुष्यास ते समजावून सांगणे फारसे कठीण नाही. दट्ट्या खाली जातो तेव्हा हवा आत ओढली जाते, हा पूरक. दोन्ही झडपा मिटून ती हवा कोंडली आणि दाबली जाते, ठिणगी पडून पेट्रोल जळते. हा कुंभक, मात्र अत्यंत उग्र. मग जळलेला वायू बाहेर लोटला जातो, हा रेचक. कार्बुरेटर बसतो तो पूरकाच्या वाटेवर. त्याच्या आत गळ्यासारखी एक अरुंद जागा असते. तेथून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे शेजारच्या वाटीतील पेट्रोल एका बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, आपोआप वर ओढले जाऊन हवेत मिसळते. वजनाने पाहता एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. घनफळाने पाहिले तर हा हिशेब थक्क करणारा आहे: एक लिटर पेट्रोलामागे सुमारे नऊ हजार लिटर हवा.

पद्मिनीच्या इंजिनाचे माप १०८९ घन सेंटिमीटर आहे. मिनिटास तीन हजार फेऱ्या होत असता, दर दोन फेऱ्यांस एक श्वास ह्या हिशेबाने, ते सुमारे सोळाशे लिटर हवा ओढू शकेल. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. चार पंचमांश धरले तरी खंडाळ्याचा घाट चढताना हे इंजिन मिनिटास सुमारे तेराशे लिटर हवा घेते. स्वस्थ बसलेला मनुष्य सहा ते आठ लिटर घेतो. म्हणजे सुमारे पावणेदोनशे माणसांचा श्वास त्या एका लहानशा गळ्यातून चालला आहे! वर्षाला गाडी पाच हजार किलोमीटर चालली आणि लिटरास बारा किलोमीटर धरले, तर वर्षभरात सदतीस लाख लिटरांहून अधिक हवा त्या इंजिनाच्या पोटात जाते.

ती हवा कसली? निगडीहून तळवड्यामार्गे चाकणला एकदा जाऊन यावे, म्हणजे उत्तर मिळेल. अवजड मालमोटारींची रांग, कडेची मोकळी माती, मोशीकडील खाणींतून येणारी खडीची भुकटी, ठिकठिकाणी चाललेली बांधकामे आणि त्यांतील वाळू-सिमेंट. डोळ्यांस दिसणारी धूळ हा शत्रूचा फक्त ध्वज होय; खरे सैन्य दिसत नाही. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. इंजिनास सर्वांत घातक कण त्याहून पुष्कळ बारीक, पाच ते वीस मायक्रॉनांच्या आसपासचे असतात. कारण दट्ट्याच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत ह्यांमधील तेलाच्या पातळ थरात ते नेमके शिरतात. वाळूतील गारेचा कण सिलिंडरच्या बिडाहून कठीण असतो. तेलात मिसळलेली अशी धूळ म्हणजे धार लावण्याचा मसालाच. मग कड्या झिजतात, सिलिंडर रुंदावतो, गाडी तेल पिऊ लागते, मागून निळा धूर निघतो, आणि शेवटी ‘इंजिनाचे काम निघाले’ असे मिस्त्री सांगतो. चिखलात पाय घालून मग धुण्यापेक्षा चिखलास न शिवणे बरे, हा पंकप्रक्षालनन्याय जितका येथे लागू पडतो तितका क्वचितच अन्यत्र पडत असेल.

ह्यावरून मिस्त्रीच्या सल्ल्याचा निकाल लागला. शोधक काढल्यावर गाडी क्षणभर हलकी वाटते व तिचा आवाज वाढतो. पुष्कळांस वाढलेला आवाज हीच वाढलेली शक्ती वाटते. परंतु तो डबा केवळ धूळ अडवीत नाही. आत शिरणाऱ्या हवेचा घोष तो दाबून टाकतो. इंजिन कधी उलट ‘खोकले’, म्हणजे कार्बुरेटरच्या तोंडातून ज्वाला मागे आली, तर तीही तोच अडवितो. उघड्या कार्बुरेटरवर अशी ज्वाला आली आणि जवळ पेट्रोलाचा ओलावा असला, तर काय होईल हे सांगावयास नको. शिवाय इंजिनाच्या पोटातील तेलकट वाफ पुन्हा जाळण्यासाठी एक रबरी नळी बहुधा त्याच डब्यास जोडलेली असते. डबा काढला की ती लोंबकळत राहते आणि इंजिनावर तेलाचा राप चढतो. अतएव ‘काहीच बसवू नका’ हा पक्ष आम्ही सर्वथा त्याज्य मानतो.

उरले शोधकांचे प्रकार. ते मुख्यतः तीन. पहिला तेलपात्री. जीप व ॲम्बॅसडर ह्यांच्या काळी तो सर्रास असे. त्यात आत येणारी हवा खाली जाऊन तेलाच्या पृष्ठभागावर एकाएकी वळते. जड कण वळू न शकल्यामुळे तेलात पडतात आणि उरलेले तेलाने भिजलेल्या जाळीत अडकतात. हा प्रकार चिवट खरा. वर्षानुवर्षे काही विकत घ्यावे लागत नाही. परंतु इंजिन संथ चालत असता हवेचा वेग कमी पडतो आणि बारीक धूळ निसटते. शहरातील रहदारीत गाडी बहुतेक वेळ संथच असते, हे येथे लक्षात ठेवावे.

दुसरा प्रकार घड्यांच्या कागदाचा. कागदाच्या तंतूंच्या जाळ्यात अतिबारीक कणही अडकतात, आणि रोजच्या व्यवहारात धूळ अडविण्यात हा सर्वांत भरवशाचा. त्याचा एक विशेष पुष्कळांस ठाऊक नसतो. नवा कोरा कागद जितकी धूळ अडवितो, त्याहून थोडा मळलेला कागद अधिक अडवितो. कारण अडकलेल्या धुळीचा थर स्वतःच गाळणीचे काम करू लागतो. म्हणून दर रविवारी तो काढून झटकणे हे पुण्यकर्म नव्हे. दर खेपेस तो थर मोडतो आणि कागद फाटण्याचा संभव वाढतो.

तिसरा प्रकार तेल लावलेल्या सुती जाळीचा. चिरंजिवांचा शंकू तो हाच. हा शर्यतींच्या जगातून आलेला आहे. हवेस वाट मोकळी देणे हा त्याचा गुण, आणि तो धुऊन पुन्हा वापरता येतो ही सोय. परंतु त्याचे सारे सामर्थ्य त्यास लावलेल्या तेलात आहे. तेल कमी पडले तर धूळ आत जाते. आणि धुणे, सावलीत पूर्ण वाळविणे, मोजके तेल लावणे हा विधी जो नियमाने करील त्यासच तो फळतो. शर्यतीच्या इंजिनास दोन घटकांचा वेग हवा असतो. घरच्या गाडीस पुढील वीस वर्षे हवी असतात. साध्य निराळे असल्यावर साधन एकच कसे असेल?

उघड्या शंकूचा दुसराही एक दोष आहे, आणि तो इंजिनियर चिरंजिवांस गणितानेच पटेल. तो उघडा शोधक इंजिनावरील तापलेली हवा ओढतो. बाहेर ३५ अंश उष्णता असून बॉनेटखाली ६५ अंश असली, तर त्या हवेची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे प्रत्येक श्वासात तितका प्राणवायू कमी. शोधकाच्या मोकळेपणाने जे कमावले ते उष्णतेने गमावले. शिवाय पावसाळ्यात चाकाने उडविलेले पाणी उघड्या जाळीपर्यंत पोचू शकते. बंद डब्यास हे भय बरेच कमी.

येथे कार्बुरेटरचे एक मर्म सांगणे अवश्य आहे. कारण ते न जाणल्यामुळे शोधक बदलताच गाडी बिघडल्याच्या तक्रारी होतात. पेट्रोलाच्या वाटीस श्वास घेण्यासाठी एक बारीक वाट असते. काही कार्बुरेटरांत ती बाहेरच्या हवेत उघडते, काहींत शोधकाच्या आत, कार्बुरेटरच्या तोंडातच एका वाकड्या नळीने उघडते. ती बाहेर उघडत असेल आणि शोधक तुंबला, तर गळ्यातील दाब घटतो पण वाटीवरचा घटत नाही. त्यामुळे पेट्रोल प्रमाणाबाहेर ओढले जाते, गाडी काळा धूर सोडते व पेट्रोल खाते. उलट शोधक फारच मोकळा केला तर मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. वाट आत उघडत असेल तर दोन्हीकडील दाब बरोबरच कमी-जास्त होतात आणि मिश्रणाचे प्रमाण पुष्कळसे स्थिर राहते. तुंबलेल्या शोधकाने मग शक्ती तेवढी घटते. म्हणून शोधक बदलण्यापूर्वी डबा काढून ही नळी कोठे उघडते ते डोळ्यांनी पाहावे, आणि नवा शोधक तिचे तोंड झाकीत तर नाही ना, हेही पाहावे. बदल केल्यावर मोकळ्या रस्त्याने काही अंतर जाऊन स्पार्क प्लग काढून पाहावेत. टोक बिस्किटाच्या रंगाचे असेल तर ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक, पांढुरके असेल तर कमी. प्लग खोटे बोलत नाहीत.

निवड करताना कोणत्या कसोट्या लावाव्यात? नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात गेल्यावर दुकानदार एकाच मापाचे तीन-चार कागदी शोधक पुढे टाकतो आणि सगळे सारखेच असे सांगतो. ते सारखे नसतात. प्रथम घड्या मोजाव्यात. साठ घड्या, प्रत्येकीची खोली अडीच सेंटिमीटर आणि उंची पाच सेंटिमीटर असेल, तर घडीच्या दोन्ही बाजू धरून कागदाचे क्षेत्रफळ पंधराशे चौरस सेंटिमीटर झाले. तेवढ्याच मापात दुसऱ्याने चाळीसच घड्या घातल्या असतील तर क्षेत्रफळ हजार. कागद तोच असेल तर ह्या दुसऱ्यावर, प्रत्येक चौरस सेंटिमीटरामागे, धुळीचा भार दीडपट पडणार आणि तो तितका लवकर तुंबणार. स्वस्त वस्तू महाग कशी पडते हे शाळेतील मुलासही ह्या गणिताने समजेल.

दुसरी कसोटी काठाची. शोधकाच्या वरच्या व खालच्या रबरी काठाने डब्याशी चोहोबाजूंनी घट्ट बसले पाहिजे. उत्तम कागदाचा शोधक जर काठाशी एका बाजूने उचललेला असेल, तर हवा कागदाकडे ढुंकूनही न पाहता त्या फटीतून जाईल. कारण पाण्याप्रमाणे हवाही सोपी वाट शोधते. बसविल्यानंतर काही दिवसांनी डबा उघडून कार्बुरेटरच्या तोंडाच्या आतून स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. फडके मातकट निघाले तर फट आहे असे निश्चित समजावे. तिसरी कसोटी छिद्राची: अंधाऱ्या खोलीत शोधकाच्या पोकळीत लहान दिवा धरून बाहेरून पाहावे. कागदातून मंद उजेड पाझरेल तो चालेल, पण टाचणीच्या टोकाएवढा प्रखर ठिपका दिसला की तो शोधक टाकून द्यावा. चौथी, डब्याचे झाकण कार्बुरेटरच्या तोंडावर अगदी टेकलेले नसावे. उंचीने कमी असलेला शोधक घातला तर झाकण खाली येते आणि हवेची वाटच अडते.

निगेविषयी दोन शब्द. कागदी शोधक पाण्याने धुऊ नये. फार मळला असेल तर हलकेच आपटून धूळ पाडावी. दाबाची हवा मारायचीच असेल तर थोड्या दाबाने आणि आतून बाहेर. गाडीच्या पुस्तिकेत तो बदलण्याचे जे अंतर दिले असेल, ते चाकणच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने निम्मे धरावे. ज्याची गाडी सणासुदीसच निघते, त्याने वर्षातून एकदा उघडून पाहिले तरी पुरे. मात्र उभ्या गाडीच्या डब्यात उंदीर घर करतो, हे विसरू नये.

पुष्कळांस असे वाटते की, प्रदूषणाची चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे शोधक ठीक आहे. हे खरे नव्हे. ती चाचणी गाडी उभी असता, इंजिन संथ चालत असता होते. जुन्या पेट्रोल गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांच्या आत असावा, असा दंडक आहे. संथ इंजिन थोडीच हवा घेते. त्यामुळे बराच तुंबलेला शोधकही त्या वेळी लपून जातो आणि घाटात, सात माणसे बसविल्यावर, आपले रूप प्रकट करतो. परीक्षेपुरता अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यासारखेच हे आहे.

आणखी एक गोष्ट कायद्याची. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. त्यांत गाडी मूळ रूपात राखलेली असावी, सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन ह्यांत मोठा फेरबदल नसावा, अशी अट आहे. १९७९ ची गाडी २०२९ साली पन्नास वर्षे पूर्ण करील. एअर फिल्टर ही त्या मानाने बारीक वस्तू आहे हे खरे. परंतु मूळचा डबा आज अडगळीत टाकला तर पुढे तो मिळविणे दुर्घट होईल.

तेव्हा आमचे मत येणेप्रमाणे आहे. डबा मामंजींचा ठेवावा; त्याचा गंज काढून, काठ सरळ करून घ्यावा. त्यात घालावयाचा कागदी शोधक मात्र चिरंजिवांनी निवडावा, आणि तो मोजून, तपासून निवडावा. जुने म्हणून जुना सडका कागद ठेवणे ही निष्ठा नव्हे, आणि नवे म्हणून शंकू चढविणे ही प्रगती नव्हे. चिरंजिवांस मोकळ्या हवेची हौसच असेल, तर त्याच डब्यात बसणारी, मापाची सुती जाळी मिळते का पाहावे. मात्र तिचे धुणे-तेल त्यांनी स्वतः करावे, आईवर टाकू नये.

आणि पहिला डबा उघडताना आजोबांस शेजारी खुर्ची द्यावी. कार्बुरेटरची ती वाकडी नळी कोठे उघडते, हे कारखान्यातील कोणत्याही आराखड्यात नसलेले ज्ञान बहुधा त्यांच्याच ध्यानात असेल. चाकणच्या यंत्रशाळेत ते कोणी सांगणार नाही, आणि ते विचारून घेण्यास मुदत फार नाही.